वारसाहक्कानं आलेले घुसखोर

मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात दोन गोष्टी सापडतातच: लातूरला 'नीट'ची तयारी करणारं एक पोर आणि बांधावरून भावकीशी चाललेला वाद. नांदेडच्या आमच्या घरात दोन्ही आहेत. मी सातबारा डोळ्यांजवळ धरून बसलो होतो, तेव्हा सुट्टीवर आलेला भाचा म्हणाला, "मामा, शेताचं जाऊ द्या, तुमच्याच डीएनएत आठ टक्के जागा जुन्या विषाणूंनी धरलीय. आन् त्यातले काही अजून कामं करायलेत."

आठ टक्के थोडे वाटतात. पण प्रथिनं घडवणारा मजकूर, म्हणजे खरी वहितीखालची जमीन, जेमतेम दीड टक्का. धन्यापेक्षा घुसखोराकडं पाचपट रान! कोट्यवधी वर्षांपूर्वी काही रेट्रोव्हायरस आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले, डीएनएत स्वतःची नक्कल चिकटवून बसले आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्कानं चालत आले. फेरफारासाठी एक हेलपाटा नाही. हे भावकीत बोलू नये. कब्जा जुना झाला की मालकी लागते, एवढंच त्यातून घेतील.

त्यातले बहुतेक आता मोडकळीला आलेत. पेशी त्यांना रासायनिक कुलूप घालून ठेवते, ते बरंच आहे. काहींना मात्र तिनं राबवून घेतलं. अशा विषाणूला पेशीत शिरायचं तर स्वतःचं आवरण तिच्या आवरणात मिसळावं लागतं. त्यासाठी त्याच्याकडं एक प्रथिन असतं. तसलंच एक, सिन्सिटिन, माणसाच्या वारेत काम करतं, हे 2000 साली उजेडात आलं. वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून त्यांचा सलग थर होतो तो त्याच्यामुळं, आणि आईकडचं अन्न, प्राणवायू बाळाला पोचतो तो त्या थरातून. हे बिऱ्हाड अडीच कोटी वर्षांपूर्वीचं. आमच्याकडं माणसं 'माझी नाळ इथंच पुरलीय' असं छाती काढून सांगतात. पुरलेल्या वारेत कुणाकुणाची मेहनत होती, हे विचारायची पद्धत नाही.

काही विषाणूंचे नुसते तुकडे उरलेत, तेही शेजारचं जनुक चालू करतात. पिष्टाची साखर करणारं अमायलेज स्वादुपिंडातही बनतं. पण माणसाच्या लाळग्रंथीत त्याचं जनुक चालू होण्यामागं असाच एक तुकडा आहे, असं 1992 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. ज्वारीची कोरडी भाकरी चावत राहिलं की गोड लागते, ती या अमायलेजमुळं. आजी सगळं श्रेय मालदांडी ज्वारीला देई. भातही चावल्यावर तसाच गोड लागतो, हे तिला सांगायची घरात कुणाची छाती झाली नाही.