पवई ते पोवई नाका

मेहुण्याचा फोन दर रविवारी सकाळी नऊला येतो. विषय एकच. "दाजी, ठरलं का?"

ठरवायचं आहे ते असं. मार्चअखेरीस मी निवृत्त होतोय. त्यानंतर पवईतली दोन खोल्यांची जागा विकून साताऱ्याला जायचं, की इथंच राहून उरलेलं आयुष्य लिफ्टची वाट बघण्यात काढायचं? मेहुणा साताऱ्यात पोवई नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. पवईतून पोवई नाक्याला यायचं म्हणजे पत्ताही फारसा बदलावा लागणार नाही, असा त्याचा विनोद आहे. तोही दर रविवारी होतो.

एका रविवारी मी कागद घेऊन बसलो. २०११च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या जरा आत आणि सातारा शहर सव्वा लाखाच्या जरा आत. चक्क शंभरपट. गर्दीच्या वेळी आमच्या बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये साडेचार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात. म्हणजे पंचवीस लोकल भरल्या की सातारा रिकामा. हा हिशेब मी मेहुण्याला ऐकवला. तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, उतरा की राव त्या लोकलमधनं."

समुद्राचा मुद्दा मी माझ्या बाजूनं मांडायला गेलो आणि अडकलो. या समुद्रकाठच्या महानगरात राहून मी समुद्र शेवटचा पाहिला तो पाहुण्याला दाखवायला नेलं तेव्हा. पाहुणा साताऱ्याचा होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मुंबईचा समुद्र दुरून दिसतच नाही, मध्ये टॉवर आहेत. आमच्या वाट्याला आला आहे तो पवई तलाव. इंग्रजांनी तो १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला आणि पाणी पिण्यालायक निघालं नाही. आता त्यात मगरी राहतात आणि भोवती 'लेक व्ह्यू'वाले राहतात. साताऱ्याचा कास तलाव वर डोंगरात आहे. त्याचं पाणी उतारानं आपसूक शहरात येतं, पंप लागत नाही. मेहुणा हे अशा थाटात सांगतो की पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा मक्ता सातारा नगरपालिकेकडेच असावा.

डोंगर आमच्याकडेही आहेत म्हणा. मलबार हिल, पाली हिल, कंबाला हिल, अँटॉप हिल. यातल्या बहुतेक ठिकाणी डोंगर उरलाय तो पत्त्यात आणि भावात. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ आला की धावणारे एकमेकांकडे असं बघतात, जणू आता कळसूबाई चढायचंय. मेहुण्याची मुलगी यवतेश्वराच्या घाटात हिल मॅरेथॉन धावते. तिला मी पेडर रोडची भीती वर्णन करून सांगितली. ती म्हणाली, "काका, तो फ्लायओव्हर होता. त्याला आम्ही चढ म्हणत नाही."

एवढं सगळं साताऱ्याच्या पारड्यात पडल्यावर मी हिच्याकडे वळलो. ही मूळची साताऱ्याची. शनिवार पेठेतली. मला वाटलं, माहेर म्हटल्यावर हिचा होकार गृहीतच आहे.

"मी येणार नाही," ही म्हणाली.

"अगं, तुझं गाव! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर, सकाळी चार भिंतीवर फिरायला जाऊ, संध्याकाळी राजवाड्यावर भेळ..."

"अहो, तुम्ही साताऱ्यात चार-चार दिवस जावई म्हणून राहिलाय. मी वीस वर्षं मुलगी म्हणून राहिलेय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ही कॉलेजात असताना एकदा मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेली. ही घरी पोचायच्या आत सिनेमाचं नाव, खेळाची वेळ आणि मैत्रिणीच्या भावाचा सदरा कोणत्या रंगाचा होता हे घरी पोचलेलं होतं. लहान शहरात माणुसकी असते असं आपण म्हणतो, त्यातला निम्मा भाग हा बातमीदारीचा असतो. मुंबईत तीस वर्षांत हिला "कुठं निघालीस?" असं कुणी विचारलेलं नाही. ही यालाच सुख म्हणते. मी त्याला एकटेपणा म्हणत होतो, कारण मला साताऱ्यात कुणी "कुठं निघालास?" असं कधी विचारलंच नव्हतं. जावयाला "चहा घेणार का?" एवढंच विचारतात.

मग दवाखान्याचा मुद्दा निघाला. आमच्या वयात तो निघतोच, एखाद्या जुन्या नातेवाइकासारखा. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात, म्हणजे पेन्शनरांना होणाऱ्या सगळ्या आजारांचे तज्ज्ञ तिथं मुक्कामाला असणारच. पण मोठं काही झालं की सातारकर अजूनही "पुण्याला हलवा" म्हणतात. मग खंबाटकी, खेड-शिवापूरचा टोलनाका, कात्रज, साधारण एकशेदहा किलोमीटर. आमचं मोठं हॉस्पिटल सहा किलोमीटरवर आहे, पण मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आहे. संध्याकाळी सात वाजता छातीत कळ आली तर कोण आधी पोचेल यावर मी पैज लावणार नाही.

पावसाचंही तसंच. डोंगरातलं गाव म्हणजे धबधबे, धुकं वगैरे डोक्यात असतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावला पाचशे मिलिमीटरची मारामार. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. माणदेशाला दोन वर्षं पुरवून पुरवून वापरायला झाला असता. आम्ही तो मिठी नदीतून घरात घेतला.

आता जरा घाटी या शब्दाकडे वळतो. घाटावरून आलेला तो घाटी, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मुंबईनं त्याची शिवी केली. भांडी घासणारा घाटी, ओझी उचलणारा घाटी, मोठ्यानं बोलणारा घाटी. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ वॉचमनला हाच शब्द वापरायचे. गेल्या दिवाळीत त्यांनीच पेढे वाटले. पाचगणीच्या बाजूला प्लॉट घेतलाय म्हणे, 'व्हॅली व्ह्यू'. म्हणजे घाटात माणूस जन्मला तर घाटी, आणि घाटात प्लॉट घेतला तर सेकंड होम. मी त्यांचं अभिनंदन करताना 'आता तुम्हीही घाटी झालात' असं म्हणालो. तेव्हापासून पार्किंगच्या विषयात ते माझ्याशी सहकार्य करत नाहीत.

आणि सातारा की मुंबई हा प्रश्न विचारायची चैन तरी कुणाला परवडते? डोंगर की दर्या असं वहीत दोन रकाने पाडून बसायला आधी पवईत जागा असावी लागते. जावळी-पाटणच्या खोऱ्यातून जी पोरं मुंबईला आली त्यांना कुणी रकाने पाडून दिले नव्हते. वर भाताची चार वावरं, एक पीक, आणि खाली मुंबईच्या बाजारपेठेत पाठीवर पोती. त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याला कायद्याचा आधार मिळाला तो १९६९च्या माथाडी कायद्यानं, आणि तो मिळवून देणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. मसाल्याचा, कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला हलला तशी ही माणसं घणसोली-कोपरखैरणेला हलली. त्यांना सातारा की मुंबई असं विचारून बघा. ते तुमच्याकडे, 'उजवा पाय की डावा?' असं विचारल्यासारखं बघतील.

हिच्या मावशीच्या गावच्या यात्रेची पत्रिका दरवर्षी आमच्याकडे येते. खाली निमंत्रक म्हणून छापलेलं असतं : 'समस्त ग्रामस्थ व मुंबईकर मंडळ'. गावात ग्रामस्थ, मुंबईत मंडळ. देवळाचा कळस मुंबईच्या पैशांचा, पालखीला खांदा गावचा. यात्रेच्या आदल्या रात्री वाशीहून गाड्या सुटतात आणि यात्रेच्या दुसऱ्या रात्री परत येतात. माझ्या कागदावर जिथं 'किंवा' होतं तिथं या लोकांनी पन्नास-साठ वर्षांपासून 'व' लिहून ठेवलाय.

इंग्रजांना हे फार आधी कळलं होतं. मुंबईचा गव्हर्नर थंडीत मुंबईला, उकाड्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला. त्यानं निवड केली नाही, तिन्ही ठिकाणी बंगले ठेवले. पैसे रयतेचे असले की अशा निवडी फार सोप्या जातात.

मुंबई तरी कुठे नुसती समुद्रावर जगते? १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली ती लोणावळ्याचं पाणी खोपोलीला खाली सोडून. पुढे कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्यानं पश्चिमेला वळवलं, पोफळीला त्याची वीज केली आणि पाणी दिलं समुद्राला. ज्यांची गावं त्या धरणात गेली त्यांतल्या कित्येकांना रायगड-ठाण्यात नेऊन बसवलं. डोंगरातल्या माणसाला समुद्राकडे पाठवायची ही सरकारी पद्धत. धरणाला साठ वर्षं उलटून गेली, पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी लोक अजून रस्त्यावर बसतात. आमच्या पवईत लिफ्ट दहा मिनिटं बंद पडली तरी ग्रुपवर चाळीस मेसेज येतात.

आता उलट्या दिशेची पाठवणी सुरू झाली आहे. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतली २३५ गावं घेऊन 'नवीन महाबळेश्वर' उभं करायचं सरकारनं काढलं, आणि ते काम दिलं रस्ते विकास महामंडळाकडे. जुनं महाबळेश्वर गाड्यांनी तुंबलं म्हणून नवं करायचं, ही युक्ती आम्हा मुंबईकरांना ओळखीची आहे. आम्हीही मुंबई तुंबली म्हणून नवी मुंबई केली होती. सध्या दोन्ही तुंबतात.

कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. आता तिथली फुलं बघायला ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. टोपली कारवी सात-सात वर्षांनी फुलते, बिचारीला घाई कशी ती माहीत नाही. तिला बघायला येणाऱ्याला मात्र सोमवारी सकाळी ऑफिस असतं. मेहुणा सप्टेंबरातल्या रविवारी घराबाहेर पडत नाही. रस्त्यावर एमएच-शून्य-एक ते शून्य-चार असं सगळं मुंबई-ठाणं उतरलेलं असतं. मी त्याला म्हणालो, "अरे, मग मी साताऱ्याला येऊन काय मिळवलं? मुंबई माझ्याआधीच येऊन बसली की तिथं."

"दाजी, ती संध्याकाळी परत जाती. तुम्ही राहणार."

हे वाक्य त्यानं प्रेमानं म्हटलं की काळजीनं, ते मला फोनवर कळलं नाही.

तरीही मी जवळजवळ ठरवलं होतं. हिला पटवायचा बेत असा होता की आधी सहा महिने भाड्यानं राहून बघू. मी कोयना एक्स्प्रेसच्या वेळा काढल्या. साताऱ्याचं स्टेशन शहरापासून लांब, माहुलीला आहे, म्हणजे तिथून पुढे रिक्षा, तेही लिहून ठेवलं. वहीतल्या रकान्यांत सातारा दोन गुणांनी पुढे होता. त्यातला एक गुण कंदी पेढ्यांचा होता, पण साखरेचा रिपोर्ट आल्यावर तो कापावा लागला. तरी एकानं पुढे.

गेल्या रविवारी नऊला फोन आला. मी उचलल्याबरोबर म्हणालो, "ठरलं बघ! येतोय."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.

"दाजी, जागेचं बोलणं केलं नाही ना अजून कुणाशी?"

"का रे?"

"नाही, आपल्या धाकट्याला ऐरोलीला नोकरी लागली. आयटीत. एक तारखेला हजर व्हायचंय. तिथं भाडी लय आहेत म्हणतात. म्हटलं, वर्षभर तुमच्याकडंच राहू दे. पुढं त्याचं लग्नाचं बघू. मुलीकडचे विचारतात ना, मुंबईत जागा आहे का."

शनिवार पेठेत जन्मलेली, तीस वर्षं पवईत राहिलेली माझी बायको शेजारी उभी राहून हे ऐकत होती. तिनं काही न बोलता हॉलमधला सोफा भिंतीकडे सरकवायला घेतला. त्याचा बेड होतो.

भाचा एक तारखेला येतोय. पवईतली दोन खोल्यांची जागा तूर्त विकणे नाही. एजंट क्षमस्व.