असू दे, लागेल कधीतरी

ज्याच्या मालकीचे चौदाशे सिनेमे आहेत, असा माणूस शनिवारी रात्री काय बघत असेल? भाव बघत असतो. कुठला पिक्चर आज पाच डॉलरला आला, कुठला परवापर्यंत चारला मिळेल, आणि कुठल्या कपाळकरंट्याने तोच मागच्या आठवड्यात पंधराला घेतला.

आमचे साडू अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन गावी असतात. ज्या थॉमस एडिसनने सिनेमाच्या यंत्रांवर पेटंटं घेऊन भल्याभल्यांना कोर्टात खेचलं, त्याच्याच नावाचं हे गाव. त्या गावात बसून सिनेमाचा हक्क कमीत कमी पैशांत पदरात पाडून घेण्याची विद्या साडूंनी अवगत केली आहे. त्यांना सिनेमाची आवड आहे का, असं कुणी विचारलं तर मी सांगतो की आवड आहेच, पण ती खरेदीपाशी संपते.

ही विद्या सोपी नाही. तिचा पहिला धडा म्हणजे चिठ्ठी. तिकडे ब्लू-रे डिस्कच्या डब्यात बरीच वर्षं एक कागदाची चिठ्ठी येते. तिच्यावरचा कोड भरला की तोच सिनेमा डिजिटल रूपात तुमच्या खात्यात जमा होतो. आता ज्याला डिस्क हवी, त्याला बहुधा कोड नको असतो. आणि ज्याला कोड हवा, त्याच्या बायकोने घरात आणखी एक डबा आणायला बंदी घातलेली असते. या दोघांच्या गरजेतून चिठ्ठ्यांचा बाजार उभा राहिला. पंधरा-वीस डॉलरचा सिनेमा चिठ्ठीवर तीन-चार डॉलरला मिळतो. काही चिठ्ठ्यांवर स्पष्ट छापलेलं असतं की हा कोड विकू नये, कुणाला देऊ नये. साडू म्हणतात, "मी विकत नाही, मी फक्त घेतो."

या चिठ्ठीवरून तिकडे मोठा खटला झाला. रेडबॉक्स नावाची कंपनी दुकानांबाहेर लाल पेट्या मांडून डिस्क भाड्याने द्यायची. तिने डिस्नेचे डबे रीतसर विकत घेतले, आतल्या चिठ्ठ्या काढल्या आणि त्या सुट्या विकायला सुरुवात केली. २०१७ मध्ये डिस्ने कोर्टात गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी मनाईहुकूम द्यायला नकार दिला. मग डिस्नेने कोडबरोबरच्या अटींची भाषा बदलली, आणि ऑगस्टमध्ये तोच मनाईहुकूम मिळवला. साडूंनी या खटल्यातली बारीकसारीक वळणं मला एका बैठकीत समजावून सांगितली. डिस्नेचे सिनेमे मात्र त्यांचे बघायचे राहिले आहेत.

दुसरा धडा भंगाराचा. गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानात लोकांनी टाकून दिलेल्या डीव्हीडी डॉलर-दोन डॉलरला मिळतात. वुडू नावाच्या सेवेने अशा डिस्कना मोक्ष देण्याची सोय केली होती. फोनने डब्यावरचा बारकोड टिपायचा, दोन डॉलर भरायचे, सिनेमा खात्यात. साधी डीव्हीडी असेल आणि चित्र एचडी हवं असेल तर पाच डॉलर. अट एवढीच, की बारकोड टिपताना फोन तुमच्या घरच्या पत्त्यावर असला पाहिजे. म्हणजे दुकानातून पिशवीभर डिस्क घरी आणायच्या, एकेक टिपायची, आणि मग तीच पिशवी त्याच दुकानाला दान करायची. साडू हे दान न चुकता करतात. एकाच डब्यावर चार जणांचा उद्धार झाला असावा, असा माझा संशय आहे.

ही वुडू आधी स्वतंत्र होती, २०१० मध्ये वॉलमार्टने घेतली, २०२० मध्ये फँडँगोने घेतली आणि २०२४ मध्ये तिचं नाव 'फँडँगो ॲट होम' झालं. साडू जागचे हलले नाहीत, पण त्यांचे सिनेमे दोन घरं फिरून आले.

तिसरा धडा मूव्हीज एनीव्हेअर. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या या सोयीत ॲपल, ॲमेझॉन, वुडू अशी वेगवेगळ्या दुकानांतली खाती एकमेकांना जोडता येतात. एका ठिकाणी घेतलेला सिनेमा बाकीच्या ठिकाणीही दिसतो. त्याच वर्षी ॲपलने आधी एचडीत घेतलेल्या सिनेमांना फोर के चित्र फुकट द्यायचं ठरवलं. झालं! जिथे स्वस्त तिथे एचडी घ्यायचा, ॲपलमध्ये आपोआप उतरू द्यायचा आणि फोर के करून मिरवायचा. साडूंनी हा मार्ग मला सांगताना आवाज खाली घेतला होता, आणि सांगून झाल्यावर दार लावलेलं आहे का तेही पाहिलं.

पण या सोयीत सगळे स्टुडिओ नाहीत. डिस्ने, वॉर्नर, युनिव्हर्सल, सोनी आणि जुना फॉक्स आत. पॅरामाउंट आणि लायन्सगेट बाहेर. 'मिशन इम्पॉसिबल' पॅरामाउंटचा. त्यामुळे जगातल्या कुठल्याही इमारतीवरून उडी मारणारा टॉम क्रूझ साडूंच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊ शकत नाही.

याशिवाय किरकोळ विद्या आहेत. सवलतीत मिळणारी गिफ्ट कार्डं आधी घेऊन ठेवायची आणि सेल लागला की ती वापरायची, म्हणजे सवलतीवर सवलत. दहा सिनेमांचा गठ्ठा घ्यायचा, त्यातले आठ नको असले तरी, कारण दोन सुटे घेतले तर महाग पडतात. भाव उतरला की फोन वाजेल अशी ॲपं ठेवायची. हा फोन पहाटे तीनलाही वाजतो. मेहुणीने पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा भारतातून कुणाच्या तरी आजारपणाचा निरोप आला असं वाटून ती रडायला लागली होती. 'गॉडफादर'चे तिन्ही भाग उतरले होते.

हिशेबाच्या बाबतीत साडू चोख. चौदाशे सिनेमे, सरासरी चार डॉलर, म्हणजे छप्पनशे डॉलर. तेच पूर्ण किमतीला घेतले असते तर वीस हजारांच्या वर गेले असते. म्हणून साडूंच्या वहीत शेवटच्या रकान्यात 'बचत : पंधरा हजार डॉलर' असं हिरव्या शाईने लिहिलेलं आहे. मेहुणीने एकदा सहज विचारलं, "ही बचत कुठल्या बँकेत आहे?" तेव्हापासून वही कपाटात कुलपात असते.

मी माझा हिशेब मांडला. दर शनिवारी एक याप्रमाणे चौदाशे सिनेमे बघायला जवळजवळ सत्तावीस वर्षं लागतात. साडू आज अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. आजपासून एकही नवा घेतला नाही आणि एकही शनिवार चुकवला नाही, तर वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ते मोकळे होतील. हे ऐकून ते गंभीर झाले. मला वाटलं उपदेश लागू पडला. ते म्हणाले, "म्हणजे निवृत्तीची सोय झाली म्हणायची."

मी म्हटलं, "तुमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे डिस्क फुकट मिळतात ना?"

"मिळतात की. पण परत द्याव्या लागतात."

"बघून झाल्यावर ठेवायची कशाला?"

"तुम्ही मुळातच घोळ घालताय," साडू म्हणाले, "बघायचंय कुणाला?"

हे त्यांनी रागाच्या भरात म्हटलं असलं तरी खरं तेच आहे. जो सिनेमा त्यांच्याकडे फोर केमध्ये आहे, तोच टीव्हीवर जाहिरातींसकट लागला की ते तिथेच बसून बघतात. स्वतःच्या संग्रहातला लावायचा तर चौदाशे पोस्टरं खाली सरकवत जावं लागतं. त्यात तासभर जातो, मग झोपायची वेळ होते. टीव्हीवर जे लागेल ते लागतं, शिवाय जाहिरातीत चहा होतो.

आता या संग्रहाच्या मालकीकडे वळू. तिथे खरी गंमत आहे.

मूव्हीज एनीव्हेअरच्या आधी अल्ट्राव्हायोलेट नावाची अशीच एक सोय होती. २०११ मध्ये सुरू झाली. बरेच मोठे स्टुडिओ त्यात होते, आणि सिनेमा एकदा घेतला की तुमचाच, असा थाट होता. ३१ जुलै २०१९ रोजी ती बंद झाली. ज्यांनी आपली खाती वेळेत दुकानांना जोडून ठेवली होती त्यांचे बहुतेक सिनेमे वाचले; बाकीच्यांना धडा मिळाला. प्लेस्टेशनच्या दुकानातून घेतलेले स्टुडिओकॅनालचे सिनेमे २०२२ च्या ऑगस्टअखेर जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांच्या खात्यांतून काढले गेले. पैसे मोजून घेतलेले होते, पण करार संपला. २०२३ च्या डिसेंबरात प्लेस्टेशनवरच्याच डिस्कव्हरीच्या कार्यक्रमांवर तीच पाळी येणार होती. आरडाओरडा झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. २०२५ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने सिनेमे विकणंच थांबवलं. जुन्या ग्राहकांना घेतलेले बघता येतील, असं सांगितलं. तसं सांगितलं आहे, एवढं मात्र खरं.

कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं की तुम्हाला मिळतोय तो केवळ परवाना, आणि तो काढून घेतला जाऊ शकतो. म्हणजे माल काढून घ्यायला मनाई नाही. फक्त आधी कल्पना द्यायची. साडूंनी ही सूचना वाचली, खाली 'मान्य' असा चौकोन होता तो टिचकावला आणि 'जुरासिक पार्क' घेतला. भाव चांगला होता.

मागच्या डिसेंबरात साडू पुण्याला आले. येताना टॅबलेट घेऊन आले. घरातली पोरंटोरं जमली, लाह्यांचं पातेलं मध्ये ठेवलं, आणि साडूंनी ॲप उघडलं. पडद्यावर सूचना आली की ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही. चौदाशे सिनेमांचा धनी सोफ्यावर बसलेला, आणि त्याच्याकडे एकही सिनेमा नाही. पोरांनी लाह्या संपवल्या.

तेव्हा आमच्या भाच्याने खिशातून हार्ड डिस्क काढली. त्याच्याकडेही हजारभर सिनेमे आहेत. कुठून आणले, असं त्याला कुणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमा चोरून टिपणाऱ्याला आणि पसरवणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "मामा, मी कुठे टिपतोय? मी फक्त घेतो." हे वाक्य मी एडिसनमध्येही ऐकलं होतं.

याच देशात २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना काढली होती. चोरीच्या मालाच्या भावात अस्सल माल, अशी ती कल्पना. घरोघरी शोकेसमध्ये त्या चकत्यांच्या चळती लागल्या, बऱ्याच वरच्या प्लास्टिकसकट. पुढे कंपनी दिवाळखोरीत निघाली, आणि व्हीसीडी चालवणारं यंत्र शोधून सापडत नाही. तरी त्या चकत्या कुणी टाकलेल्या नाहीत. असू दे, लागेल कधीतरी.

तर आज परिस्थिती अशी आहे. साडूंनी पैसे मोजले, पण सिनेमा हातात नाही. भाच्याच्या हातात सिनेमा आहे, पण त्याने पैसे मोजलेले नाहीत. आणि या दोघांनी मिळून वर्षभरात नीट बसून बघितलेला सिनेमा एकच, तोही विमानात.

मालकी आणि उपभोग यांची अशी फारकत महाराष्ट्राला नवी नाही. जमीन एकाच्या नावावर, खंड भरणारा दुसरा, आणि मालकाच्या मनात आलं की दुसऱ्याने चालू लागायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं. मग १९४८ चा कुळकायदा आला, पुढे त्यात दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ रोजी जमीन कसणारं कूळ हाच तिचा खरेदीदार, असं कायद्याने मानलं. साडू हे या शतकातलं कूळ आहेत. खंड एकरकमी भरलेला, सातबाऱ्यावर नाव नाही, आणि पोराच्या नावावर चढवायचं म्हटलं तर परवाना हस्तांतर होत नाही. भावाभावांत भांडण लावता येत नाही अशी ही आमच्या घराण्यातली पहिलीच इस्टेट.

म्हणून मी एक डिजिटल कुळकायदा तयार केला आहे. कलम एकच : कसेल त्याची जमीन, तसा पाहील त्याचा पिक्चर. ज्याने पैसे भरून सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, तो त्याचा कायमचा. कंपनी बुडो, करार संपो, नाव बदलो. दिवसही १ एप्रिलचाच ठेवावा, तो या व्यवहाराला शोभतो.

मसुदा साडूंना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते.

"'पाहील' हा शब्द काढा," ते म्हणाले. "तिथे 'घेईल' घाला. पाहायची अट ठेवलीत तर माझे तेराशे सत्तर सरकारजमा होतील."

"मग पाहायला लागा. कायदा व्हायला वेळ आहे."

"ते बघू. आधी सांगा, त्या वेळी कुळांना जमीन फुकट मिळाली होती का?"

"नाही. ठरलेली किंमत भरावी लागली. बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं हप्त्यांनी भरली."

साडूंचा आवाज एकदम उजळला.

"त्यावर काही कूपन चालत होतं का हो?"