आदल्या रात्रीचा गोंद

हरितालिकेच्या रात्री बारानंतरही ज्या घरांत दिवे चालू असतात, तिथे एक तर जागरण चाललेलं असतं, नाही तर मखर. जागरणाला झिम्मा-फुगडी पुरते. मखराला ग्लू गन लागते.

पांढरा गोंद हा वेळेवर कामाला लागणाऱ्या लोकांसाठी आहे. लावा, दाबा, वर चार जाडजूड पुस्तकं ठेवा आणि सकाळी बघा. पण सकाळी गुरुजी येणार असतील तर? ग्लू गनच्या गोंदात पाणीच नसतं, म्हणून वाळण्याची भानगड नाही. ७ किंवा ११ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची कांडी मागून सारायची, ती पुढे वितळून येते आणि निवली की चिकटली. मिनिटभरात खांब उभा! आळशी माणसाचं इतकं मनापासून भलं चिंतणारं दुसरं अवजार माझ्या पाहण्यात नाही.

आत तापायला चिनी मातीसारख्या पदार्थाची एक चकती असते. ती ठरावीक मर्यादेपर्यंत तापली की विजेला स्वतःच अडवू लागते, त्यामुळे साध्या गनला तापमान आवरणारं वेगळं यंत्र लागत नाही. फार तापलो की आपणच थोडं कमी घ्यावं, ही अक्कल त्या चकतीला आहे. रात्री दोन वाजता मखराभोवती जमलेल्या कुटुंबात तेवढी कुणाला उरलेली नसते. कात्री कुणी नेली यावरून तेव्हा मागच्या पिढीपर्यंतचे हिशेब निघतात.

तापवून चिकटवणं आपल्याला नवं नाही. सुरीची मूठ लाखेनं बसवत, सोनार पोकळ दागिन्यात लाख भरत आणि रजिस्टर पार्सलवर लाखेचाच शिक्का पडे. या विद्येतलं सर्वांत भव्य बांधकाम मात्र वारणावतात झालं. पुरोचनानं लाख, राळ आणि तूप वापरून पांडवांसाठी अख्खा वाडा उभारला. गिऱ्हाइकाला आतलं साहित्य आधीच कळलं होतं, म्हणून बरं.

जो गोंद उष्णतेनं धरतो, तो उष्णतेनंच सोडतो. मे महिन्यात बंद मोटारीत डॅशबोर्डवर चिकटवलेला बाप्पा हळूहळू नमस्काराच्या मुद्रेत येतो, तो याचमुळे. थर्माकोलच्या काळात उलटी गंमत होती: १९० अंशांच्या आसपास तापणारी मोठी गन टेकवली की महिरपीला भोक पडे आणि ते झाकायला आणखी एक कमळ चिकटवावं लागे. काही मखरांत कमळांची संख्या त्यावरूनच ठरत असावी. २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि पुठ्ठ्याला मान मिळाला. पुठ्ठ्याच्या तंतूंत हा गोंद छान शिरतो. गुळगुळीत काच आणि थंडगार धातू यांच्याशी त्याचं जमत नाही. धातू त्याची उष्णता क्षणात ओढून घेतो आणि गोंद धरायच्या आधीच थिजतो.

बोटांवर मात्र तो घट्ट बसतो. उकळतं पाणी निदान ओघळून जातं, हा तिथेच बसून भाजतो. चटकन ओढून काढू नये, कातडी सोबत येते. आधी गार पाण्याखाली हात धरावा. हा सल्ला सगळ्यांना ठाऊक असतो आणि त्या क्षणी कुणालाच आठवत नाही. सगळीकडे लोंबणारे बारीक धागे राहतात, ते वेगळेच. त्यांवर लांबून केस वाळवायचा ड्रायर फिरवला की ते आक्रसतात. नाही फिरवला, तर पाहुणे घर झाडलेलं नाही असं समजतात.

या कलेचं खरं माहेर मात्र रुखवतात. सुपारीचे नवरा-नवरी, मोती लावलेला नारळ, आरशावर टिकल्यांचा मोर! मुलीकडच्या मावशीच्या हातात गन आली की ज्याला पृष्ठभाग आहे त्याला कुंदन लागतं. या सगळ्यानं मांडव उतरेपर्यंत टिकावं एवढीच अपेक्षा असते, आणि ते टिकतंही. अडचण येते ती नंतर, कारण मोर ज्या स्टीलच्या ताटावर बसवलेला असतो ते बहुधा शेजारच्या काकूंचं असतं. अशा वेळी सुरीनं खरवडू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कडेनं सोडावेत, गोंद निमूट सुटून येतो. करोनाच्या साथीत साठवलेल्या सॅनिटायझरच्या काही बाटल्यांवर हेच नाव छापलेलं असतं. माळ्यावर एखादी असेलच.