ओक, मेपल आणि फोडणी

लाकूड किती कठीण, हे मोजायची रीत गॅब्रिएल जांका या ऑस्ट्रियन गृहस्थाने 1906 साली घालून दिली. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतेपर्यंत दाबायची आणि किती जोर लागला ते लिहून ठेवायचं. आम्हाला स्वयंपाकघरात लाकडी फरशी घालायची आहे, आणि न्यू जर्सीतल्या आमच्या जवळच्या फळ्यांच्या दुकानात या आकड्यांचा तक्ता भिंतीवरच लावलाय. अक्रोड 1010, रेड ओक 1290, व्हाइट ओक 1360, मेपल 1450, हिकरी 1820. आकडे पौंडांत. नवऱ्याने त्याचा फोटो काढला आणि तेव्हापासून आमच्या घरात लाकडांबद्दल दहावीच्या मार्कांसारखं बोललं जाऊ लागलं.

तक्त्यात सगळं आहे, स्वयंपाकघर तेवढं नाही. जांकासाहेबांची गोळी शिस्तीत, हळूहळू दाबली जाते. आमच्याकडे बत्ता पडतो, तोही कडेवर. शिवाय आमसुलाचं पाणी आहे, कुकरच्या शिट्टीसरशी उडालेलं वरण आहे, आणि हळद.

हळदीची परीक्षा मी घेतली. दुकानातून आणलेले वीतभर नमुने ओट्यावर ओळीने मांडले, प्रत्येकावर चमचाभर फोडणी घातली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पुसल्यावर ओकवर शोधावं लागेल इतपत पिवळं राहिलं. मेपल मात्र लग्नाआधीच्या नवरीसारखा दिसत नव्हता एवढंच. बाकी हळद पुरती लागली होती. नमुना खिडकीत उन्हाला ठेवला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-चार दिवसांत डाग विटला. पण फरशीवर ऊन पडेल तिथेच फोडणी सांडावी, असा नियम घरात कोण पाळणार?

बास्केटबॉलची मैदानं मेपलची असतात, हे नवऱ्याने दोनदा सांगितलं. खेळाडू मैदानावर वरण सांडत नाहीत, हे मी एकदाच सांगितलं.

मग ओक. पण लाल की पांढरा? नवऱ्याने रेड ओकचा तुकडा उभ्या रेषांच्या टोकाने पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकला. पाण्यात बुडबुडे आले! रेड ओकच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या गाभ्यातल्या नळ्या आतून बुजलेल्या, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याची करतात. तोही तुकडा त्याने कान लाल होईपर्यंत फुंकला. बुडबुडा नाही. जे पिंप व्हिस्की धरून ठेवतं ते ताक सांडलं तरी दाद देणार नाही, हा युक्तिवाद मला पटला.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांचं मत एका शब्दात होतं: "सागवान." तक्त्यात सागवान रेड ओकच्याही खाली आहे, हे नवऱ्याने फोटोसकट दाखवलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. एका अर्थी बरोबरच होत्या. सागाचा मान कठीणपणाचा नाहीच, तो अंगच्या तेलाचा आणि पाण्यात न कुजण्याचा. मुंबईच्या गोदीत 1817 साली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. पण इथला सागाचा भाव ऐकून सासूबाईच म्हणाल्या, "मग राहू दे, ओकच बरा."

राहिला प्रश्न अखंड फळीचा. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. इथे उन्हाळा दमट, आणि हिवाळ्यात हीटर घरातली हवा पापडासारखी सुकवतो. मग फळ्या आकसून फटी पडतात. फार मोठ्या नव्हे, मोहरी बसेल एवढ्या. आणि मोहरी बसतेच. म्हणून आम्ही खाली आडव्या-उभ्या थरांचं प्लायवुड आणि वर व्हाइट ओकचा पातळ थर असलेल्या फळ्या घेतल्या. त्या कमी हलतात. घासून पुन्हा नवी करायची सोय मात्र त्यात बेताचीच. पॉलिश चकचकीत नको म्हटलं, कारण चकाकीवर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. गडद रंगही नको, त्यावर कणकेचा एक कणही लपत नाही. टाइल्सवर उभं राहून गुडघे बोलायला लागतात आणि पडलेला कप हमखास जातो. लाकडावर एखादा वाचतो. एवढ्यासाठी हा खर्च, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

मिस्त्रीने बजावलं की फळ्या आधी काही दिवस घरात ठेवा, त्यांना इथली हवा मानवू दे. त्यामुळे खोक्यांची रास दिवाणखान्यात लागली आहे. सासूबाई त्यावर बसून मटार सोलतात. काल म्हणाल्या, "ह्या लावायलाच हव्यात का गं? पाटापेक्षा उंची बरी आहे."