मनमाड जंक्शन

परवा सकाळी चहाचा कप माझ्यापुढे जरा आदळलाच. निम्मा चहा बशीत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की माणसाला बशीतला चहा वाचता येतो.

"काय झालं?"

"काही नाही," बायको म्हणाली. म्हणजे बरंच काही झालं होतं.

दुसऱ्या कपाला उलगडा झाला. आदल्या रात्री मी तिला मनमाड स्टेशनवर सोडून निघून गेलो होतो. ती पाण्याची बाटली भरायला खाली उतरली, गाडी सुटली, आणि मी दारात उभा राहून हात हलवत होतो. दुसऱ्या हातात वडा. तिच्या वाटणीचा.

"अगं, पण हे स्वप्नात ना?"

"मग? हसत होतात तुम्ही!"

"मी रात्रभर इथंच होतो, तुझ्या शेजारी."

"हो ना, घोरत होतात. तिकडे मी फलाटावर रडतेय आणि हे घोरताहेत."

आता यावर काय बोलणार? आरोपी घटनास्थळी नव्हता; मुळात घटनास्थळच नव्हतं; तरी दुपारी पानात दोडका पडला.

तशी आपल्याकडे स्वप्नातल्या व्यवहाराला मान्यता जुनीच. कीर्तनात हरिश्चंद्राची गोष्ट सांगतात. त्याने विश्वामित्राला राज्य दिलं ते स्वप्नात. सकाळी ऋषी दारात हजर. "अहो, ते स्वप्न होतं," एवढंच म्हणायचं होतं, पण राजा म्हणाला नाही. राज्य गेलं, बायको-मुलगा विकले गेले, स्वतः स्मशानात राबला. लहानपणी मला तो फार थोर वाटायचा. आता वाटतं, तारामतीला कुणी विचारलं होतं का?

तुकोबांना तर गुरूच स्वप्नात भेटले. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, डोक्यावर हात, मंत्र, सगळं तिथी-वारासकट त्यांनी सांगून ठेवलंय. त्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते तूप. गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि तुकोबा ते द्यायला विसरले. एवढा मोठा अनुग्रह झाला, पण राहिलेल्या तुपाची चुटपूट अभंगात आलीच. रचून सांगणारा माणूस तूप विसरल्याचं कशाला सांगेल? त्या पावशेर तुपामुळे माझा त्या स्वप्नावर पूर्ण विश्वास बसतो.

शास्त्रज्ञांनी स्वप्नांचा पाठलाग जरा उशिराच सुरू केला. 1953 साली शिकागोतल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी प्रसिद्ध केलं की झोपेत मधूनमधून मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात, आणि तेव्हा उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. असेरिन्स्कीने त्यासाठी आपल्या आठ वर्षांच्या मुलालाही यंत्राला जोडून झोपवलं होतं. अशी झोप रात्रीच्या साधारण पाव हिस्सा असते. मी आज बासष्ट वर्षांचा. आकडेमोड केली, साडेचार-पाच वर्षं निघाली. बँकेत एवढी रजा मला कधी मंजूर झाली नव्हती.

त्या झोपेत हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात, म्हणून स्वप्नात पळणारा माणूस पलंगावरून पळत सुटत नाही. मी लगेच बायकोला म्हणालो, "बघ, म्हणूनच मला गाडीतून उडी मारता आली नाही."

"स्वप्न माझं होतं," ती म्हणाली, "तुमचं नव्हतं."

मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या स्वप्नात कॅश जुळत नाही. दर वेळी तेरा रुपयांचा फरक. मी पुन्हा मोजतो, शिपाई शटर अर्धं ओढून उभा असतो. एकदा तर शंका येऊन स्वतःला चिमटा काढला, दुखला! म्हणजे खरं आहे म्हणून आणखी घाबरलो. चिमट्यावर विश्वास ठेवू नये. जागा झाल्यावरही पाचेक मिनिटं मी त्या तेरा रुपयांचा हिशेब लावत पडतो.

जनकराजाला स्वप्न पडलं की तो भुकेकंगाल भिकारी झालाय. दचकून उठला तर राजवाडा. मग 'हे खरं की ते खरं?' म्हणून साऱ्या दरबाराला भंडावून सोडलं. अष्टावक्राने सांगितलं, हेही नाही, तेही नाही; बघणारा तेवढा खरा. उत्तर बिनतोड आहे. पण आमच्या घरी बघणारीच तर रागावून बसली होती.

रात्री भाजी निवडताना ती हळूच म्हणाली, "आणि तेव्हा तरी काय केलं होतंत?"

तेव्हा म्हणजे 1991 च्या मे महिन्यात. मनमाडलाच. मी चहाला उतरलो, गाडी सुटली, धावत शेवटचा जनरलचा डबा पकडला. तिथून आत यायला वाट नव्हती, म्हणून चाळीसगावपर्यंत तिथंच. हा किस्सा मी लग्नकार्यात कितीदा रंगवून सांगितलाय. डब्यातल्या एकाने मला पत्त्यांत घेतलं, मी दोन डाव जिंकलो, लोक हसतात. या किस्स्यात चार डबे पुढे आठ महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन, माझा नवरा फलाटावर राहिला की रुळांवर पडला, हे कुणाला विचारावं ते न कळून बसलेली एक बाई आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पैसे, तिकिटं, सगळं माझ्या खिशात. तीही हसायची लोकांबरोबर. निदान मला तसं आठवतंय.

मी मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढून घेतली.

येत्या रविवारी जळगावला लग्न आहे. गाडी मनमाडवरूनच जाते. पाण्याच्या तीन बाटल्या मी घरूनच भरून नेणार आहे, आणि या वेळी दोन्ही तिकिटं तिच्या पर्समध्ये आहेत.