संकट कसं यावं : घरमालकांसाठी काही सूचना

क्षेपणास्त्राच्या चाचणीत तुमच्या घरावर काही येऊन आदळलं, तर काळजी करू नये. पैसे मिळतात. ज्वालामुखी उसळला तरी मिळतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून झिरपणाऱ्या पाण्याने चार वर्षांत आमच्या बेडरूमच्या छतावर भारताचा नकाशा काढलाय, गेल्या पावसाळ्यात तो कन्याकुमारीपर्यंत पूर्ण झाला. त्याचे मात्र मिळत नाहीत. घराचा विमा समजून घ्यायचा असेल तर या छताखाली उताणं पडून विचार करावा. ज्यांना तेवढी फुरसत नाही त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन.

सुरुवातीला, आपल्या घराचा विमा आहे की नाही हे शोधून काढावं. दहातल्या नऊ घरांत या प्रश्नाचं उत्तर "हो, बँकेने कर्ज देताना काहीतरी कापलं होतं ना" असं मिळतं. हे ‘काहीतरी’ लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, शेअर सर्टिफिकेट आणि मुलीच्या बालवाडीच्या प्रगतिपुस्तकाच्या मधोमध सापडतं. उघडून पाहिलं की बहुधा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. म्हणजे तुम्ही गेलात तर कर्ज फिटेल. घर गेलं आणि तुम्ही राहिलात, तर ती पॉलिसी तुमच्या प्रकृतीबद्दल समाधान व्यक्त करून गप्प बसेल. दुसरी शक्यता अशी, की विमा खरोखर घराचा आहे, पण कर्जापुरताच आणि पैशांवर पहिला हक्क बँकेचा. तिसरी शक्यता सोसायटीची. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंप यांच्याविरुद्ध विमा उतरवायचा असतो. तो उतरवलाय का, हे वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले की विचारावं. सेक्रेटरी तुमच्याकडे असं पाहतील, जणू भूकंप तुम्हीच आणणार आहात. उतरवला असला तरी त्यात भिंती आहेत. तुमचा फ्रिज नाही, दिवाण नाही, बायकोची शिवणयंत्रं नाहीत.

आता पॉलिसी निवडण्याकडे वळू. इथे सरकारने निवडीचा ताप बराच कमी केला आहे. आयआरडीएआय या विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून अग्निविमा विकणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकच प्रमाणित पॉलिसी विकायला लावली. कंपनी कुठलीही घ्या, मूळ मजकूर तोच. त्याआधी आपली दोन खोल्यांची जागा आणि एखादी कापडगिरणी साधारण एकाच जातीच्या अग्निविम्यात बसत असे. याशिवाय ‘हाउसहोल्डर्स पॅकेज’ हा जुना प्रकार आहे. त्यात आगीपासून घरफोडीपर्यंत, काचांपासून प्रवासातल्या बॅगांपर्यंत वेगवेगळे विभाग असतात आणि हवे ते निवडता येतात. एक विभाग पायडलच्या सायकलीचाही असतो. ज्या कोणी तो घातला, तो मनाने पुण्याचा असावा.

रक्कम ठरवताना घरमालकाचा अपमान होतो. त्याची तयारी ठेवावी. तुम्ही म्हणता, फ्लॅट दीड कोटीचा आहे. कंपनी म्हणते, चटईक्षेत्र सांगा. समजा ६०० चौरस फूट, आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला ३,००० रुपये धरला, तर गुणाकार १८ लाखांवर थांबतो. उरलेले एक कोटी बत्तीस लाख जमिनीचे, स्टेशनच्या जवळिकीचे आणि बाल्कनीतून कोपऱ्यात दिसणाऱ्या खाडीच्या तुकड्याचे. यातलं काहीही जळत नाही, म्हणून त्याचा विमाही नाही. रागावून जास्त रक्कम लिहू नये. नुसता हप्ता वाढतो. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आपोआप धरतात, मात्र १० लाखांपर्यंतच. म्हणजे आपल्या उदाहरणात ३ लाख ६० हजार. सामान त्याहून जास्त असेल तर यादी द्यावी लागते. यादी करायला घरातल्या ज्येष्ठ बाईला बसवू नये. ती तांब्याच्या घंगाळापासून सुरू करते आणि ते कुठल्या नणंदेने नेलं इथे अडकते.

एक गोष्ट मात्र चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. पूर्वी घराचा विमा खऱ्या किमतीच्या निम्म्या रकमेचा असेल, तर नुकसानभरपाईही निम्मीच करत. दोन लाखांचं नुकसान झालं तर हातावर एक. ‘भारत गृह रक्षा’त ही कात्री काढून टाकली आहे. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची एकदम घेता येते आणि विम्याची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते. इतकी समजूतदार कलमं वाचल्यावर मला पुढची पानं उलटायची भीतीच वाटू लागली होती.

ती रास्त होती. पुढच्या पानांवर कुठलं संकट कसं आलेलं चालेल, याचे नियम आहेत. पहिला अलिखित नियम असा, की संकटाला तारीख आणि वेळ हवी. पाइप फुटला, टाकी भरून वाहिली, तर ते संकट. तेच पाणी थेंबाथेंबाने, शेजारधर्म सांभाळत, चार वर्षं आलं तर ते आयुष्य. पुराला हे बरोबर कळतं. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा माझ्या मामाच्या घरात ते पहाटे आलं, माळ्याला टेकलं आणि चिखल ठेवून उतरलं. आदर्श संकट. पुढे पाहणीला आलेल्या सर्व्हेअरने फ्रिजचं बिल मागितलं. मामा म्हणाला, "बिल फ्रिजवरच होतं. आधी फ्रिज कुठे गेलाय ते बघूया." म्हणून प्रत्येक खोलीचे, प्रत्येक यंत्राच्या मागच्या पट्टीचे आणि बिलांचे फोटो काढून ते उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाला पाठवून ठेवावेत. महाबळेश्वरला कोणी असल्यास उत्तम.

भेगांबाबत दक्ष राहावं. भूकंपाने पडलेली भेग चालते. नवं बांधकाम बसताना पडलेली किंवा बिल्डरने सिमेंटशी काटकसर केल्याने पडलेली चालत नाही. दरड कोसळली तर चालते, समुद्राने किनारा हळूहळू खाल्ला तर नाही. ज्वालामुखीबद्दल मात्र आपण निर्धास्त असावं. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग लाव्हाचाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पॉलिसी नव्हती, आता आहे.

आगीच्या कलमात एक बारीक मुद्दा आहे. वस्तू आपल्याच आंबण्याने किंवा आतल्या आत तापूनही पेटू शकते, याचा तिथे उल्लेख आहे. हे वाचून आमच्याकडे इडलीचं पीठ गॅसपासून लांब हलवण्यात आलं. विजेची गोष्ट निराळी. शॉर्ट सर्किटने एसी जळाला तर एसीचे नाहीत. एसीने पडदा पेटवला तर पडद्याचे आहेत. गुन्हेगाराला काही नाही, पीडिताला मदत. इतका नेमका न्याय कोर्टातही लवकर मिळत नाही.

चोरांचं वर्तन हा स्वतंत्र विषय आहे. मूळ पॉलिसीत चोरी येते, पण ती पूर, आग, भूकंप अशा संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली असावी. चोराने आधी पूर येऊ द्यावा, मग पंचांग बघून निघावं. साध्या, बिनपावसाच्या चोरीसाठी घरफोडीचा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यात सहसा कुलूप किंवा कडी तोडल्याच्या खुणा लागतात. दुपारी दार उघडं बघून "कुरिअर" म्हणत आत आलेला चोर कंपनीच्या दृष्टीने पाहुणा. हरवलेल्या वस्तूंना तर थाराच नाही, आणि मराठी घरात चोरीला जातं त्याच्या शंभर पट ‘कुठेतरी नीट ठेवलेलं’ असतं. आत्याची अंगठी सात महिन्यांनी तूरडाळीच्या डब्यात सापडली. तोवर दोन मोलकरणी आणि एक जाऊ बदनाम झाल्या होत्या. दागिन्यांसाठी आधीच ठरवलेल्या किमतीचा जादा विमा मिळतो, तो घ्यावा. रोख पैसे, चेक, कागदपत्रं आणि हस्तलिखितं मात्र मूळ पॉलिसीबाहेरच. माझी अप्रकाशित कादंबरी याच कलमात अडकली आहे. तिच्या किमतीबद्दल विमा कंपनी आणि प्रकाशक यांचं एकमत आहे.

दावा करताना आधी कंपनीला कळवावं, मग नातेवाइकांना. फोटो काढल्याशिवाय मोडकं काही फेकू नये. मलबा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारदाची फी ५ टक्क्यांपर्यंत पॉलिसीतच आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं. घर दुरुस्त होईपर्यंत पर्यायी जागेच्या भाड्याचीही सोय आहे. आपण मात्र बहिणीकडे जाऊन राहतो आणि तिचे टोमणे कुठल्याच कलमात बसत नाहीत. कंपनीने दावा नाकारला तर तिच्याकडेच लेखी तक्रार करावी आणि महिनाभर वाट पाहावी. तरीही काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे जावं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

एवढा अभ्यास करून मी पॉलिसी घेतली. पुढच्या जुलैत एका रात्री वरच्या काकूंचा पाइप खरोखरच फुटला. बायको "बादली आणा" म्हणून ओरडत होती आणि मी छताकडे भरल्या डोळ्यांनी पाहत होतो. अखेर संकटाला तारीख मिळाली होती! मी आधी घड्याळाचा फोटो काढला: दोन वाजून दहा मिनिटं. मग पाण्याचा. मग बादली.

तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर आले. चहा घेतला, टॉर्च लावून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "हे डाग कधीचे?"

मी खोटं बोललो नाही. म्हटलं, "साहेब, भारत जुना आहे. श्रीलंका परवाची."