फक्त दोनच शिल्लक!

ऑनलाइन ग्राहकाला गंडवायच्या १३ युक्त्यांची यादी केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केली. यादीत पहिला मान खोट्या घाईचा. माल गोदामात पडून असताना ‘फक्त दोनच शिल्लक’ असं लिहायला आता बंदी आहे. पण ही बंदी ऑनलाइनवाल्यांना. आमच्या पेठेत ‘शेवटचे दोन दिवस’ म्हणणाऱ्या एका फलकाचा लाल रंग उन्हाने गुलाबी झालाय, दोन दिवस काही सरत नाहीत.

फलकाला निदान आपण हसतो. मोबाइलवरच्या मेसेजपुढे मात्र भलेभले गार होतात. ‘मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल. त्वरित अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.’ खाली दहा आकडी मोबाइल नंबर. साडेनऊच का? कारण तेव्हा कचेरीला कुलूप असतं, विचारणार कुणाला? अहो, डीपी उडाल्यावर ज्यांची वाट बघत आपण अख्खी रात्र पुठ्ठ्याने वारा घेतो, ते एका बिलापायी रात्री खांबावर चढतील? शिवाय २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं, बिल थकलं तरी आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कायदा निवांत आहे, घाम आपल्यालाच फुटतो.

‘डिजिटल अरेस्ट’ हा त्याच्या वरचा वर्ग. व्हिडिओ कॉलवर खाकी शर्ट, मागे अशोकस्तंभ. ‘कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.’ अशी अटक आपल्या कायद्यातच नाही. पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं हुज्जत घालणारा माणूस इथे एफडी मोडून आरटीजीएस करून मोकळा होतो. ‘सांगायचं नाही’ ही खरी मेख. शेजारच्या काकूंच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी त्या खाकी शर्टाचीच उलटतपासणी घेतली असती.

उपाय साधा आणि अगदी मिळमिळीत आहे. फोन ठेवायचा. मग चष्मा शोधायचा आणि बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण होऊन विचारायचं. चष्मा सापडेपर्यंतच निम्मा डाव फसतो.

गंमत म्हणजे आपल्याकडे शांतपणाचा तुटवडा नाही, तो भलत्या जागी खर्च होतो. छातीत कळ आली की ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’. मागे रुग्णवाहिका बोंबलत असते आणि पुढचे महाशय सिग्नलला गुटख्याची पुडी फोडत असतात. आणि पैसे गेल्यावर? तेव्हा खरंच धावायचं असतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल, तितकी वाटेतल्या खात्यांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. नेमके तेव्हाच आपण योगी होतो. पहिला दिवस सुन्न बसण्यात जातो, दुसरा ‘लोक काय म्हणतील’ यात. तिसऱ्या दिवशी घरात बैठक बसते, विषय एकच: जावयाला सांगायचं की नाही. तोवर रकमेने चार खाती बदललेली असतात. तिला खरोखरच घाई असते.